पहिला पिक्चर कुस्तीचा होता

औंध म्हटलं की आपल्याला परिहार चौक आठवतो, हिंजवडीहून परतताना लागणारा ट्रॅफिक आठवतो आणि टू-बीएचकेचं भाडं आठवतं. आज लिहितोय ते त्या औंधाबद्दल नाही. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचं. १९४८ पर्यंत ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान पण असं मजेशीर, की सलग नव्हतंच. एक तुकडा औंधाचा, एक आटपाडीचा, एक कुंडल-किर्लोस्करवाडीकडचा आणि एक थेट विजापूरच्या बाजूला. आपल्या भाषेत डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम म्हणा हवं तर :) आता त्यातला काही भाग साताऱ्यात आहे, काही सांगलीत, काही कर्नाटकात.

पण आजचा विषय संस्थानाचा इतिहास नाही. विषय आहे खेळावर फिल्म काढणारी माणसं, आणि त्या फिल्मच्या जोरावर धंदा उभा करणारी माणसं. याचा औंधाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, पण मुंबईवरून वळसा घालून तिथे जावं लागेल. तेवढा धीर धरा, विकांतच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वाचता वाचता मुद्दे जमवता येतील. आपल्या भागात खेळाडू निपजतात. त्यांना हारतुरे मिळतात, मिरवणुका निघतात, चौकात फ्लेक्स लागतात. पण त्यांची गोष्ट टिपायची, सांभाळून ठेवायची, चार लोकांना विकायची आणि पुढच्या पिढीच्या हातात द्यायची, हे कुणाचं तरी पोटापाण्याचं काम असायला हवं. ते काम आपल्याकडे उभंच राहिलं नाही. जे झालं ते हौसेवर झालं, आणि हौस साधारण एका माणसाच्या उमेदीइतकीच टिकते.

आता वळसा.

हिंदुस्थानातला पहिला पिक्चर कोणता? ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, दादासाहेब फाळके, हे उत्तर आपण शाळेपासून घोकलंय. कथापटांपुरतं ते ठीक आहे (तोरण्यांच्या ‘पुंडलिक’चा वाद तूर्त बाजूला ठेवू). पण त्याच्या चौदा वर्षं आधी, १८९९ साली, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका मराठी माणसानं कॅमेरा लावून एक कुस्ती टिपली होती. पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी हे दोन पैलवान, आणि कॅमेऱ्यामागे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. भारतीय माणसानं काढलेली ही पहिली फिल्म मानतात. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवात देवादिकांपासून झाली नाही, गाण्यांपासून तर नाहीच नाही. ती एका स्पोर्ट्स डॉक्युमेंटरीपासून झाली. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं.

सावे दादा मूळचे फोटोग्राफर. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले आणि या माणसाच्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्यांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. कुस्ती टिपल्यावर रीळ धुवायला पुन्हा विलायतेला पाठवलं, कारण इथे ती सोयच नव्हती. दरम्यान प्रोजेक्टर घेतला, परदेशी फिल्म्स आणून त्यांचे खेळ लावायला सुरुवात केली आणि त्यांच्या जोडीनं स्वतःची फिल्मही दाखवली. कॅमेरामन, निर्माता, वितरक, थिएटरवाला, सगळं एकटेच. आज असल्या माणसाला आपण स्टार्टअपवाला म्हटलं असतं आणि परिषदेत भाषणाला बोलावलं असतं.

कुस्तीच का? मला वाटतं याचं उत्तर कलेत कमी आणि यंत्रात जास्त आहे. तेव्हाचा कॅमेरा एकदा तिवईवर बसवला की बसवला. रीळ संपायला मिनिटभर पुरे. दिवे नाहीत, म्हणजे भर उन्हात, उघड्यावर काम. अशा वेळी टिपायला काय सोपं? थोडक्या जागेत दोन माणसं, सतत हालचाल, आणि कोण जिंकलं ते कळायला एक अक्षर लिहावं लागत नाही. कुस्ती या सगळ्या अटींत बरोबर बसते. हत्यार काय झेपवतं ते ओळखून विषय निवडणं ही इंजिनिअरची अक्कल आहे, आणि ती सावे दादांकडे होती.

पुढे त्यांनी सर्कशीतल्या माकडांना शिकवतात त्याची फिल्म काढली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, ते स्वागत टिपलं. हे आपलं पहिलं बातमीचित्र समजतात. १९०३ चा दिल्ली दरबारही टिपला. त्यानंतर काही वर्षांत त्यांचं चित्रण थांबलं आणि ते गेइटी थिएटरचे मॅनेजर झाले. ते १९५८ पर्यंत जगले. बोलपट आले, रंगीत चित्रपट आले, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं. आणि ती कुस्ती? ती फिल्म आज नाही. त्या काळचं रीळ नायट्रेटचं असायचं, पटकन पेट घेणारं, सांभाळायला महाकठीण. कित्येक जुनी रिळं तर त्यातली चांदी काढायला वितळवली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली, सावे दादा गेल्यावर सहा वर्षांनी.

पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांच्या नावापलीकडे आपल्याकडे काही उरलेलं नाही. कुठल्या तालमीचे, कुणाचे पठ्ठे, कुणी कुणाला कोणत्या डावावर पाडलं, काही नाही. देशातली पहिली फिल्म, आणि बॅकअप शून्य.

आता औंधाकडे येऊ.

सावे दादांचा जन्म १८६८ चा. त्याच वर्षी औंधाच्या राजघराण्यात भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी जन्मले. हे १९०९ मध्ये गादीवर आले. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, डेक्कन कॉलेजचे पदवीधर. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला मोठा पैसा यांनी दिला. औंधाच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय यांचंच, तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. वेळ काढून बघून या. पण मला आज त्यांचं वेगळंच काम सांगायचंय.

हँगिंग गार्डनमध्ये ती कुस्ती चालू होती त्या सुमारास हे औंधकर सँडोचा व्यायाम करत होते. युजीन सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध बलवान माणूस. १८९४ साली एडिसनच्या स्टुडिओत त्याचे स्नायू फुगवतानाचे चित्रीकरण झालं होतं. तो पुस्तकं लिहायचा, मासिक काढायचा, डंबेल्स आणि स्प्रिंगची साधनं टपालानं विकायचा. शरीर, कॅमेरा, छापखाना आणि टपालखातं या चौघांची मोट बांधून पैसा करणारा बहुधा पहिलाच गडी. भवानराव त्याचं गिऱ्हाईक. १८९७ च्या आसपास त्यांनी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून १९०८ मध्ये ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

दहा वर्षं गिऱ्हाईक राहिलं की माल कुठे कमी पडतो ते नेमकं कळतं. सँडोच्या व्यायामाला सामान लागतं, ते विलायतेहून येतं, मोडलं की अडलं. सूर्यनमस्काराला काहीच लागत नाही. सतरंजी असली तर उत्तम, नसली तरी भागतं. नमस्कार घालायची पद्धत जुनीच होती, ती आपण शोधली असा त्यांचा दावाही नव्हता. त्यांनी काय केलं, तर त्या जुन्या गोष्टीला ठरावीक दहा पायऱ्यांत बसवलं, प्रत्येक पायरीचे फोटो काढले, श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा ते लिहिलं आणि सगळं छापलं. संस्थानातल्या शाळांमध्ये सक्तीचं केलं. १९२८ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. १९३६ मध्ये विलायतेला गेले, तेव्हा ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुईस मॉर्गन या बाईंनी त्यांची मुलाखत घेतली आणि नमस्काराची गोष्ट लंडनच्या वाचकांपुढे मांडली. त्यातूनच १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनातर्फे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघालं. नाव बघा! आजच्या कुठल्याही फिटनेस ॲपला शोभेल असं आहे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य योगासनं शिकवत होते, तेव्हा सूर्यनमस्काराचा वर्ग तिथे वेगळा भरत असे. नंतर दोन्ही एकमेकांत मिसळले, आणि आज जगात कुठेही योगाच्या वर्गाला जा, सुरुवात बहुतेक नमस्कारांनीच होते. त्या वर्गातल्या कुणालाही औंध नकाशावर दाखवता येणार नाही. पण एका दुष्काळी तालुक्यातल्या माणसानं लावलेली रांग तिथपर्यंत पोचली आहे, यात शंका नाही.

सावे दादांकडे कॅमेरा होता, कसब होतं, धाडस होतं. पण त्यांचा माल एका रिळावर होता, आणि ते रीळ धुवायलासुद्धा साता समुद्रापार पाठवायला लागत होतं. औंधकरांनी वितरण आधी बघितलं. ज्याची नक्कल करणं सगळ्यात सोपं असेल अशा रूपात त्यांनी गोष्ट बाहेर सोडली. आपल्या लायनीत याला ओपन सोर्स म्हणतात.

इथे कुणी म्हणेल, राजाची गोष्ट वेगळी. हुकूम सोडला की शाळेतली पोरं नमस्कार घालणारच. मान्य. सक्तीचा भाग मलाही आवडत नाही. पण लंडनच्या प्रकाशकावर त्यांचा हुकूम चालत नव्हता, तिथे माल मालाच्या गुणावरच खपला.

मात्र एक मोठा फरक आहे. व्यायामाचा प्रकार नकलेतून टिकतो, माणूस तसा टिकत नाही. खाशाबा जाधवांची नक्कल करून खाशाबा जाधव शिल्लक राहत नाहीत. त्यांना कुणीतरी टिपावंच लागतं. त्यामुळे औंधकरांचा धडा अर्धाच पुरतो. उरलेला अर्धा शिकायला १९५२ च्या हेलसिंकीला जाऊ.

खाशाबांची गोष्ट थोडक्यात सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा, जन्म १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यात नोकरी. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता त्याच हेलसिंकीतला दुसरा माणूस. बड ग्रीनस्पॅन, अमेरिकन, रेडिओवर खेळांचं बोलणारा, जन्म १९२६ चाच. त्यानं तिथे जॉन डेव्हिस या कृष्णवर्णीय वेटलिफ्टरवर छोटी फिल्म काढली. डेव्हिसनं १९४८ आणि १९५२ अशी दोन सुवर्णपदकं घेतली होती, पण स्वतःच्या देशात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. फिल्मला खर्च आला सुमारे पाच हजार डॉलर. ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं पस्तीस हजारांना विकत घेतली. आमच्या देशात काळ्या माणसांनाही मान आहे, हे जगाला दाखवायला त्यांना ती हवी होती. (मान किती होता तो भाग सोडा.) ग्रीनस्पॅनच्या लक्षात आलं की खेळाडूची गोष्ट खेळाच्या शौकिनांनाच विकायची असते असं नाही. ती ज्याला वेगळ्या कारणानं हवी आहे तो जास्त पैसे देतो.

त्या एका फिल्मवर पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं उभी राहिली. बायकोबरोबर त्यानं कंपनी काढली. १९७० च्या दशकात ऑलिंपिकवर मालिका केली, १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून पुढे कितीतरी ऑलिंपिकच्या अधिकृत फिल्म्स केल्या. १९६८ मध्ये मेक्सिकोत मॅरेथॉनला सगळ्यात शेवटी, पायाला पट्टी बांधून, लंगडत आलेला टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी जगाला माहीत झाला तो मुख्यतः ग्रीनस्पॅनमुळे. शेवटचा नंबर आलेला माणूस! विजेता कोण होता ते मला बघावं लागेल, अखवारी मात्र पाठ आहे. ग्रीनस्पॅन २०१० मध्ये वारला. त्याचं काम मागे राहिलं, कारण ते एका उमेदीवर नव्हतं. त्यामागे करार होते, हक्क होते, नीट लावलेली रिळं होती आणि दर चार वर्षांनी येणारं काम होतं.

एकच वर्ष, एकच शहर, एकाच वर्षी जन्मलेले दोघं. खाशाबांना त्यांचा ग्रीनस्पॅन मिळाला नाही. पदकानंतर बत्तीस वर्षं हा माणूस आपल्यात होता. मातीत शिकलेला पैलवान मॅटवर गेल्यावर पाय कसे टाकतो, ढाक कशी मारायची, पदक घेऊन परतताना बोटीत की विमानात काय मनात होतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकवणारी, घराघरात पोचलेली एक फिल्म आपल्याकडे नाही. त्यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली, त्याबद्दल लिहिणाऱ्यांचे आभारच. पण आवाज गेला तो गेला.

सांगलीच्या बाजूचं उदाहरण घ्या. मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरजवळच्या पेठचे. युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला जवान, १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव कधी कळलं? २०२४ मध्ये, ‘चंदू चॅम्पियन’ आल्यावर. मध्ये बावन्न वर्षं गेली. नशीब असं, की पेटकर ते बघायला होते. पण तो कथापट आहे, पडद्यावर दिसतो तो कार्तिक आर्यन. चांगलं काम केलंय त्यानं, तक्रार नाही. तरीही खरा माणूस समोर असताना त्याचा अभिनय करणारा माणूस आधी प्रसिद्ध होतो, हे जरा उलटंच झालं.

‘आमच्याकडे सिनेमाची परंपराच नाही’ असं म्हणायचीही सोय नाही. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत सुरू केली. त्याच मुलखात वाढलेल्या आणि औंधात शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि तो बर्लिनला जाऊन बक्षीस घेऊन आला. गाव हेच, माणसं हीच. फरक इतकाच की इथे गोष्ट माहीत असलेला लेखक होता आणि त्याच्यामागे ‘राजकमल’सारखी पगार देणारी, पिक्चर विकणारी संस्था होती. दोन्ही एकत्र आलं की आटपाडीतून बर्लिनला जाता येतं. खेळाच्या बाबतीत हे दोन्ही एकत्र आलंच नाही.

आज तर कच्चा माल उतू जातोय. औंधाच्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. नंबर दहावा, म्हणून आपण विसरलो. ग्रीनस्पॅन विसरला नसता. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव तिरंदाजीत टोकियो ऑलिंपिकला गेला. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, इंजिनिअरिंग शिकलेला (म्हणजे आपलाच माणूस), २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेऊन आला, १६.३२ मीटर. माण, खटाव, आटपाडी हे सगळे कमी पावसाचे तालुके. तिथून एवढी माणसं कशी वर येतात, या एका प्रश्नावर पाच भागांची मालिका होईल.

आता नेहमीचे दोन आक्षेप.

पहिला: ‘यूट्यूबवर कुस्तीचे हजारो व्हिडिओ आहेत की.’ आहेत, आणि मी ते रात्री जेवताना बघतो. हलगीचा आवाज, लाल माती, निवेदकाचा चढलेला सूर, सगळं झकास. ते टाकणाऱ्या गावच्या पोरांचे उपकारच आहेत. पण दहा व्हिडिओ उघडून बघा. किती ठिकाणी दोन्ही पैलवानांची पूर्ण नावं, तालीम, वस्ताद, तारीख आणि मैदानाचं नाव आहे? ‘जबरदस्त कुस्ती एकदा बघाच’ असं शीर्षक असलेली फाइल शंभर वर्षांनी पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावींच्या फिल्मइतकीच मुकी असेल. शिवाय ते चॅनेल बंद झालं, पासवर्ड विसरला, कॉपीराइटच्या तक्रारीत अडकलं, की खेळ खल्लास. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेली एकुलती एक प्रत म्हणजे विलायतेला धुवायला पाठवलेलं रीळच. १८९९ पासून आपण फार पुढे आलोय असं निदान या बाबतीत तरी वाटत नाही.

दुसरा: ‘हे सरकारनं करायला हवं.’ सरकारनं केलंही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झाली, थिएटरात पिक्चरआधी तिच्या फिल्म्स लागायच्या आणि पब्लिक तोवर बाहेर वडा खात उभं असायचं. बनवणं सरकारला जमतं, बघायला लावणं जमत नाही. बघायला लावणारा माणूस धंद्यातला लागतो, ज्याचं घर त्यावर चालतं.

मग पैसा कुठून? औंधाकडच्या एखाद्या यात्रेचं मैदान बघा. लाखांची इनामं लागतात, वर्गणी निघते, मुंबई-पुण्यातले गावकरी पैसे पाठवतात. त्या पैशातला छोटा वाटा ‘या वर्षीची कुस्ती नीट टिपायची आणि ठेवायची’ यासाठी बाजूला काढला तर गावोगावच्या एखाद्या फोटोग्राफरला, जो एरवी लग्नाच्या सीझनची वाट बघत बसतो, वर्षभराचं काम मिळेल. शाळा आहेत, साखर कारखाने आहेत, अकादम्या आहेत, परदेशातली मराठी मंडळं आहेत. प्रत्येकाला ही गोष्ट वेगळ्या कारणानं हवी आहे, फक्त त्यांच्या दारात जाऊन कुणी विकलेली नाही. ग्रीनस्पॅननं नेमकं तेच केलं होतं.

आणि आपण, म्हणजे एसीत बसून कोड लिहिणारी जमात, यात काय करू शकतो? कॅमेरा हातात घेऊन दिग्दर्शक व्हायची गरज नाही. आपल्याला जे रोजचं आहे तेच तिथे कमी आहे. फाइलला नाव काय द्यायचं, माहिती कशी नोंदवायची, तीन प्रती तीन ठिकाणी कशा ठेवायच्या, शोधता कसं यायला हवं, कुणाचा हक्क किती आणि तो कागदावर कसा घ्यायचा. कंपनीच्या डेटासाठी हे आपण डोळे मिटून करतो. एका तालुक्याच्या पैलवानांसाठी हे काम एका टीमच्या चार विकांतांचं आहे. प्रत गावच्या वाचनालयातही ठेवा, कारण क्लाउडचं बिल पुढच्या वर्षी कोण भरणार हा प्रश्न कधीतरी येतोच.

यात घाई करण्यासारखं एकच आहे. फिती शोधता येतील, फोटो स्कॅन होतील, तालमी अजून उभ्या आहेत. पण साठ-सत्तरच्या दशकात मातीत लढलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या आजोळी, सासरी, शेजारच्या आळीत असा एक आजोबा नक्की असेल, कान मोडलेले, गुडघे गेलेले. येत्या यात्रेला गावी गेलात की त्यांच्याजवळ तासभर बसा. फोन आडवा धरा, आवाज नीट येतोय ना ते बघा आणि अगदी साधं विचारा: आबा, तुमचं पूर्ण नाव काय, वस्ताद कोण, पहिली कुस्ती कुठे झाली, कुणाबरोबर, आणि कोणत्या डावावर? आबा बोलायला लागले की मध्ये तोंड घालू नका. घरी आलात की फाइलला नाव द्या, तारीख घाला आणि तिची दुसरी प्रत त्याच रात्री काढा.